फॉगी माउंटन ब्रेकडाउन : धून नेमकी कोणाची?

बँक लुटून टोळी मोटारीत कोंबून बसली आहे, मागे पोलीस लागलेत, मोटार धुरळा उडवत कच्च्या रस्त्यावरून सुसाट सुटली आहे आणि पार्श्वभूमीला बँजो वाजतो आहे. सिनेमातल्या पाठलागाला बँजो लावायचा हा रिवाज आता इतका अंगवळणी पडलाय की विनोदी मालिका आणि जाहिरातीही तो बिनदिक्कत उचलतात. तो रूढ केला १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटानं. निर्माता आणि नायक वॉरन बेटी, दिग्दर्शक आर्थर पेन. कथा १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळातली, क्लाइड बॅरो आणि बॉनी पार्कर या खरोखरच्या दरोडेखोर जोडीची. आणि पाठलागाची धून : ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’.

गंमत अशी की खऱ्या बॉनीनं किंवा खऱ्या क्लाइडनं ही धून कधीच ऐकली नव्हती. ते दोघं २३ मे १९३४ रोजी लुईझियाना राज्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. चित्रपटात वापरलेलं ध्वनिमुद्रण १९४९ चं. म्हणजे पंधरा वर्षांचा घोटाळा. मोटारीचं मॉडेल किंवा टोपीची फॅशन पंधरा वर्षं चुकली असती तर समीक्षकांनी दिग्दर्शकाला फाडून खाल्लं असतं. धून चुकली, तर लोकांना ती उलट त्या काळाचीच वाटली. आजही अनेकांना ती कुठल्याशा डोंगराळ खेड्यातून आलेली, कर्ता कोण ते कोणालाच ठाऊक नसलेली लोकधून वाटते. प्रत्यक्षात तिच्या कर्त्याचं नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, गाव, साथीदार, सगळं नोंदलेलं आहे. तरीही ‘ही धून कोणाची?’ असं विचारलं की उत्तर सरळ मिळत नाही. या प्रकरणात तिचा माग मागे मागे काढत जाऊ.

आधी वाद्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे घोळ व्हायची शक्यता दाट आहे. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ‘बेंजो पार्टी’ जे वाजवते ते टाइपरायटरसारख्या कळा असलेलं वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी तैशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकी बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. अमेरिकी बँजो म्हणजे डफासारखं कातडं ताणलेली गोल कड, तिला जोडलेली लांब मान आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड. तिची खुंटी मानेच्या टोकाला नसून मध्येच बाजूला असते आणि ती फक्त अंगठ्यानं छेडतात. ही आखूड तार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ‘ब्लूग्रास’ म्हणजे काय? केंटकी राज्यातल्या रोझिन गावचा बिल मन्रो (जन्म १९११) हा मॅन्डोलिनवादक. आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्यानं वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असं नाव दिलं आणि पुढे त्या वृंदाच्या शैलीलाच लोक ब्लूग्रास म्हणू लागले. मॅन्डोलिन, फिडल, गिटार, बँजो आणि उभा बास, ही पाच वाद्यं. ढोल नाही, ताशा नाही. ताल सांभाळायचा तो तारांनीच.

आता १९४९. डिसेंबरची ११ तारीख, ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर, हर्झॉग स्टुडिओ. वर्षभरापूर्वी इथेच हँक विल्यम्सनं ‘लव्हसिक ब्लूज’ गायलं होतं. मर्क्युरी कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला आलेला वृंद होता लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांचा ‘फॉगी माउंटन बॉइज’. फ्लॅट गिटारवर, स्क्रग्ज बँजोवर, बेनी सिम्स फिडलवर, कर्ली सेकलर मॅन्डोलिनवर आणि हॉवर्ड वॉट्स बासवर. स्क्रग्ज तेव्हा पंचविशीत होता. तीन मिनिटांहून कमी वेळाची ही तबकडी. बँजो आणि फिडल आळीपाळीनं पुढे येतात, मॅन्डोलिन मागेच राहतं.

सुरुवातीचे दोन क्षण नीट ऐकण्यासारखे आहेत. धून जी या स्वरात बांधलेली आहे. जीला आपला षड्ज मानलं, तर पहिल्याच क्षणी स्क्रग्ज दुसऱ्या तारेवर तीव्र मध्यम वाजवतो आणि पुढच्या पडद्यावर दुसरं बोट आपटून त्याचा लगेच पंचम करतो. तार पुन्हा छेडत नाही, डाव्या हाताच्या आघातानंच दुसरा सूर निघतो. वादक याला ‘हॅमर-ऑन’ म्हणतात. एकदा केलं, लगेच पुन्हा केलं. शेजारची पहिली तार मोकळी पंचमातच वाजते आहे. त्यामुळे चढून आलेला पंचम आणि मोकळा पंचम एकमेकांवर आदळतात आणि ती जी ठिणगी उडते, ती या धुनेची सही. पाठलागाचं दृश्य न पाहताही माणूस खुर्चीत सरसावून बसतो तो इथे.

दुसरा क्षण थोडा पुढे. जीवरून धून ई मायनर या कॉर्डवर उतरते, म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध धैवत, षड्ज आणि शुद्ध गंधार. वेगवान, आनंदी चालीत अचानक एक उदास सावली येते. आता गिटार ऐका. फ्लॅट तिथे ई मायनर वाजवतच नाही, ई मेजर वाजवतो. म्हणजे बँजोच्या षड्जाला खेटून गिटारमधून कोमल रिषभ. आपल्या मैफलीत असं झालं असतं तर श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असत्या. इथे या कडवट घासाघाशीनंच त्या तबकडीला धार आली असं मला वाटतं. आजचे गिटारवादक सहसा तिथे ई मायनरच वाजवतात. ते बरोबर आहे, आणि जरा बेचवही.

इथपर्यंत प्रकरण स्वच्छ आहे. कर्ता अर्ल स्क्रग्ज, वर्ष १९४९. पण आता दोन वर्षं मागे जाऊ.

२७ ऑक्टोबर १९४७, शिकागो, कोलंबिया कंपनीचं ध्वनिमुद्रण. त्या वर्षअखेर अमेरिकेतल्या स्टुडिओंत झुंबड उडाली होती, कारण जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखालच्या वादक संघटनेनं १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. कंपन्या पुढच्या वर्षाची बेगमी करून ठेवत होत्या. त्या दिवशी बिल मन्रोच्या वृंदानं ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’ नावाची वाद्यधून मुद्रित केली. गिटारवर फ्लॅट, बँजोवर स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइझ, बासवर तोच हॉवर्ड वॉट्स. पाचातले तिघं पुढे सिनसिनाटीत दिसणारे. आणि स्क्रग्जच्या वादनात तोच तीव्र मध्यमावरून पंचमावर आपटणारा जोड-आघात.

फरक आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’ मॅन्डोलिननं सुरू होते. ती मालकाची धून आहे, मालक आधी बोलणार. आणि जीवरून ती ई मायनरकडे न जाता एफकडे, म्हणजे कोमल निषादाकडे सरकते. हा कोमल निषाद स्कॉटिश आणि आयरिश फिडलवाल्यांच्या जुन्या घरातला सूर आहे, मन्रोच्या कानात तो लहानपणापासून मुरलेला. त्याचा मामा पेन व्हँडिव्हर खेड्यापाड्यांतल्या नाचांना फिडल वाजवायचा आणि पोरसवदा बिल त्याची साथ करायचा. कोमल निषादामुळे धून रांगडी, जुनाट वाटते. ई मायनरमुळे ती आधुनिक, थोडी नाटकी होते. एका कॉर्डचा फरक, पण स्वभावच बदलला.

‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’च्या कर्त्याच्या जागी नाव छापलं गेलं ते एकट्या मन्रोचं. स्क्रग्जचं म्हणणं असं की ती धून बसवण्यात त्याचा मोठा हात होता आणि श्रेय मात्र मिळालं नाही. त्या काळचा व्यवहार पाहिला तर यात नवल काही नाही. वृंदात जे घडलं ते वृंदाच्या धन्याचं. वादक आठवड्याच्या पगारावर असायचे, आणि तालमीत किंवा प्रवासात कोणाच्या बोटांतून काय निघालं याची खातेवही कोणी ठेवत नसे. आपल्याकडे बोलपटांच्या जमान्यात संगीत दिग्दर्शकाच्या नावाखाली सहायकांनी आणि वादकांनी रचलेले किती तुकडे गेले, हे जाणकारांना सांगायला नको.

तबकडीवरचं नाव किती भरवशाचं, हे पाहायला फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्याच इतर तबकड्या पुरेत. त्यांच्या अनेक गाण्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून ग्लॅडिस स्टेसी आणि लुईस सर्टन अशी नावं आहेत. या कोण? पहिली फ्लॅटची बायको, दुसरी स्क्रग्जची. नावं दोघींच्या माहेरची. प्रकाशन कंपन्यांशी असलेल्या करारमदारांतून वाट काढायची ती युक्ती होती. (लुईसबद्दल इतकं तरी सांगायलाच हवं की पुढे तिनं या वृंदाचं सगळं व्यवस्थापन हातात घेतलं आणि नॅशव्हिलमधल्या पहिल्या स्त्री-व्यवस्थापकांत तिची गणना होते.) तेव्हा तबकडीवरचं नाव हा मालकी हक्काचा पुरावा, निर्मितीचा नव्हे. कोर्टात तो चालेल, संगीताच्या इतिहासात जपूनच वापरावा.

माझं मत विचाराल तर ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’ ही दोघांची धून आहे. तिचा सांगाडा आणि कोमल निषादाची चाल मन्रोच्या घरची, बँजोचं आवर्तन स्क्रग्जचं. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’मध्ये स्क्रग्जनं आपला वाटा उचलला, मन्रोचा एफ काढून टाकला, तिथे स्वतःचा ई मायनर बसवला आणि बँजोला पहिल्या क्षणापासून पुढे आणलं. चोरी म्हणावं तर स्वतःच्याच घरातली.

या दोन तारखांच्या मध्ये फूट पडली होती. १९४८ च्या सुरुवातीला स्क्रग्ज आणि पाठोपाठ फ्लॅट मन्रोला सोडून गेले. सततचा प्रवास, तुटपुंजा मोबदला, आणि गर्दी टाळ्या वाजवते ती आपल्यासाठी, ही जाणीव. दोघांनी नवा वृंद काढला. नाव घेतलं कार्टर फॅमिलीच्या ‘फॉगी माउंटन टॉप’ या १९२९ च्या गाण्यावरून, कारण ते गाणं ते कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवत. धुनेच्या नावातला धुकट डोंगर आला तो असा, दुसऱ्याच गाण्यातून. कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात तो शोधण्यात अर्थ नाही. ‘ब्रेकडाउन’ म्हणजे नाचाची जलद धून, एवढंच. मन्रोनं ही फारकत मनाला लावून घेतली. फ्लॅटशी तो जाहीरपणे पुन्हा बोलला तो १९७१ साली, इंडियाना राज्यातल्या बीन ब्लॉसम इथल्या स्वतःच्या महोत्सवात.

कागदावरचा माग इथे संपतो. पण जोड-आघात आणि त्यामागून येणारी सुरांची ती अखंड धार हा झाला हात. तो कुठून आला?

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला क्लीव्हलंड काउंटी. तिथल्या फ्लिंट हिल वस्तीवर ६ जानेवारी १९२४ रोजी अर्लचा जन्म झाला. वडील शेतकरी, बँजोही वाजवायचे, पण अर्ल चार वर्षांचा असतानाच ते वारले. घरात थोरला भाऊ ज्युनी बँजो वाजवायचा, दुसरा भाऊ होरेस गिटार. अर्ल आणि होरेस लयीचा सराव कसा करत ते ऐका. दोघं अंगणात उभे राहून एकच धून एकदम सुरू करत, मग एक जण घराला डावीकडून वळसा घाली, दुसरा उजवीकडून. मध्ये एकमेकांचं ऐकू येईनासं होई. घराच्या मागच्या बाजूला भेट झाली की कळे, दोघं अजून एकाच मात्रेवर आहेत की कोणी पुढे पळालं. १९४९ च्या त्या तबकडीत बँजो वाऱ्यासारखा धावतो, पण लय तसूभर ढळत नाही. त्याचं इंगित मला या घराभोवतीच्या फेऱ्यांत दिसतं.

स्क्रग्जनं स्वतः सांगितलेली हकीकत अशी : साधारण दहा वर्षांचा असताना एकदा भावाशी भांडून तो खोलीत एकटाच बसला होता आणि ‘रूबेन’ नावाची जुनी धून वाजवत होता. तंद्रीत असताना एकदम लक्षात आलं की आपण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, अशा तीन बोटांनी वाजवतोय. तोवर तो दोन बोटांनीच वाजवायचा. योगायोग पाहा, दहा वर्षांचा अर्ल म्हणजे १९३४ साल, बॉनी आणि क्लाइड गेले तेच वर्ष. चित्रपटवाल्यांना आपली बाजू मांडायला हा एवढाच आधार.

पण ‘तंद्रीत सापडलं’ म्हणजे हवेतून सापडलं असं नव्हे. त्याच टापूत तीन बोटांनी वाजवणारे बरेच होते. स्मिथ हॅमेट आणि रेक्स ब्रुक्स शेजारपाजारच्या नाचांत वाजवत. त्यांच्याकडून उचललेला स्नफी जेंकिन्स १९३० च्या दशकात रेडिओवर वाजवत असे. मॅक वूलब्राइट या अंध वादकाला अर्लनं लहानपणी प्रत्यक्ष ऐकलं होतं. त्याही आधी याच राज्यातल्या चार्ली पूलनं १९२५ पासून तीन बोटांच्या बँजोसह तबकड्या काढल्या. आणखी मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतल्या बैठकखान्यांत नोटेशन वाचून, गिटारसारखा बोटांनी छेडलेला बँजो होताच.

या दाव्यांची परीक्षा घ्यायला एक उत्तम साधन आहे. १९५७ साली फोकवेज कंपनीनं तीन बोटांच्या बँजोची एक लाँगप्ले तबकडी काढली. माइक सीगरनं गावोगावी फिरून वादकांचं वादन टिपलं होतं. तिच्यात स्नफी जेंकिन्स आहे आणि अर्लचा थोरला भाऊ ज्युनीही आहे. ज्युनीचं वादन ऐकलं की अर्लच्या आधीचं स्क्रग्ज घराणं ऐकायला मिळतं : तीन बोटं आहेत, पण सूर तुटक तुटक, मध्ये श्वास घेत येतात. अर्लनं त्या मोकळ्या जागा भरून काढल्या. बोटांना धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या नख्या, आठ सुरांची सलग साखळी, आणि त्या साखळीत चालीचे सूर असे पेरलेले की कानाला चाल आणि भरणा वेगळे काढता येऊ नयेत. शैलीचा शोध त्याचा नाही. तिला भाषा मात्र त्यानं दिली, म्हणूनच आज वादक तिला स्क्रग्ज शैली म्हणतात.

त्या आठ सुरांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. आपला केरवा आठ मात्रांचा, पण ४+४ असा उभा. स्क्रग्जच्या बोटांचा फेरा अंगठा-तर्जनी-मधलं असा तिनाचा असल्यामुळे आठ सूर पडतात ३+३+२ असे. गिटार आणि बास खाली सरळ दोन-दोनचा ठोका देतात आणि वर बँजो तिनाच्या उड्या मारतो. धून आहे त्याहून जलद वाटते ती या ओढाताणीमुळे. ३+३+२ ही वाटणी कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकी संगीतात खोल रुजलेली आहे. रॅगटाइममधून आणि कृष्णवर्णीय वादकांच्या हातांतून ती दक्षिणेकडच्या सगळ्याच वाद्यांत शिरली. मन्रोच्या बाजूनंही हाच धागा लागतो. तरुणपणी तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाबरोबर नाचांना वाजवत असे आणि ते ऋण त्यानं उघड मान्य केलं.

आता ती आखूड तार. एक समजूत अशी होती की पाचवी तार व्हर्जिनियातल्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकानं १८३० च्या सुमारास जोडली. ती टिकत नाही. १७८५ ते १७९० च्या दरम्यान साउथ कॅरोलायनात रंगवलेल्या ‘द ओल्ड प्लँटेशन’ या जलरंगचित्रात गुलामगिरीतले आफ्रिकी स्त्री-पुरुष नाचताना दिसतात, आणि त्यांच्यातला एक जण भोपळ्याचा बँजो वाजवतोय. त्या बँजोला आखूड तार स्पष्ट दिसते. त्याआधी १७०७ साली हान्स स्लोननं आपल्या जमैकाच्या प्रवासवर्णनात तिथल्या गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांचं चित्र छापलं होतं. आणि आजही सेनेगल-गांबिया भागातले जोला लोक ‘आकोंतिंग’ नावाचं भोपळ्याचं त्रितारी वाद्य वाजवतात. त्याचीही एक तार आखूड, अंगठ्यानं छेडायची.

यावरून ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ आफ्रिकेतून आली असं कोणी म्हणेल तर ते जास्त होईल. आकोंतिंगवर बोट वरून खाली आपटतं, स्क्रग्जची बोटं तारेला खालून वर उचलतात. हात निराळा आहे. आला तो वाद्याचा देह आणि ती आखूड तार. पण ती तार काढून टाका आणि ही धून वाजवून पाहा. सलग आठ सुरांची साखळी मध्येच अडखळेल, कारण अंगठ्याला परतायला जागाच उरत नाही.

पुढची हकीकत भरभर सांगतो. चित्रपटानंतर १९६८ साली जुनी तबकडी पुन्हा बाजारात आली आणि लोकप्रिय गाण्यांच्या राष्ट्रीय यादीत चढली. तिला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी स्क्रग्जचं बँजो शिकवणारं पुस्तक निघालं. त्यातल्या नोटेशनमुळे धून घराघरांत पोचली. १९६९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज वेगळे झाले. २००१ साली स्टीव्ह मार्टिन, व्हिन्स गिल वगैरे मंडळींना घेऊन स्क्रग्जनं ती पुन्हा वाजवली आणि तिला दुसरं ग्रॅमी मिळालं. १९४९ च्या ध्वनिमुद्रणाचा समावेश लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतनयोग्य राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत केला आहे. स्क्रग्ज २८ मार्च २०१२ रोजी नॅशव्हिलमध्ये वारला.

वाचून झालं असेल तर आता ऐका, पण उलट्या क्रमानं नको. आधी १९५७ च्या तबकडीवरचा ज्युनी स्क्रग्ज, मग १९४७ ची ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’, आणि शेवटी १९४९ ची ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’. दुसरीत कोमल निषादाची जागा हेरून ठेवा, तिसरीत त्याच जागी काय येतं ते पाहा, आणि तिथे बँजोकडे नव्हे तर गिटारकडे कान लावा. मूळ मर्क्युरीचं ध्वनिमुद्रणच निवडा. नंतरच्या साफसूफ आवृत्त्यांत कोमल रिषभाची ती टक्कर तुम्हाला बहुधा मिळणार नाही.